देवापुढली किल्ली

‘झूठी’ हा शब्द कुणीतरी निळ्या बॉलपेनानं इतका दाबून लिहिला होता, की कागद फाटून मागची भिंत दिसत होती. मानिक चौकातल्या जयदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात, पासपोर्ट फोटोंच्या नमुन्यांशेजारी, विद्यापीठाची सूचना चिकटवलेली, सूचनेखाली सही, सहीखाली छापील अक्षरांत ‘अनुसूया वैशंपायन, सिस्टम प्रबंधक’, आणि त्या नावाच्या बरोबर खाली, कपाळावर कुंकू टेकवावं तसा मधोमध, हा शब्द. अनुसूया आली होती बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला. दिवाळी चार दिवसांवर, चौकात पणत्यांच्या पाट्या, लाह्या-बत्ताशांचे ढीग, स्कूटरला स्कूटर घासत चाललेली, आणि ती त्या शब्दापुढं उभी. लिहिणाऱ्यानं नाव नीट वाचून मग लिहिलं होतं, घाई केली नव्हती. जयदीप गेली वीस वर्षं तिला दीदी म्हणत आलेला. दीदीचं नाव काय, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं, त्याला ते ठाऊकही नव्हतं. तो मशीनचं झाकण उघडत म्हणाला, दीदी, दोनच ना? तिनं मान हलवली. तिला वाटलं आता लाज येईल. लाज आली नाही. राग आला. कानांच्या पाळ्या तापल्या, मग मान, मग दोन्ही हातांचे तळवे. आणि तळवे तापले तेव्हा ती मनातल्या मनात दचकली, कारण तापलेल्या तळव्याची गोष्ट तिच्या ओळखीची होती आणि ती तिला आठवायची नव्हती.

मागं एक मुलगी उभी होती, मऊरानीपूरकडची असावी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिचा एका विषयाच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला होता. जयदीपनं तिला विचारलं, नहीं खुला? ती म्हणाली, नाही. दसऱ्याच्या सकाळपासून छतावर बसून मोबाइलवर सारखं पान उघडत होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेलाही, तसंच. चाक फिरायचं आणि पांढरं पान यायचं. पुरवणी परीक्षा नाही म्हणजे पदवी नाही, पदवी नाही म्हणजे बी.एड.ची लागलेली जागा गेली. आता घरचे लग्नाचं बघतायत. हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती की जणू बस चुकली, पुढची मिळेल. मग सूचनेकडं बोट करून म्हणाली, “लिखा है हमीं लोगों ने एक साथ खोल के बिगाड़ दिया। हम तो भैया अकेले ही बैठे थे छत पे।” अनुसूयेला त्या मुलीचा राग आला. तू ओरडत का नाहीस, असं तिला तिच्या खांद्याला धरून विचारावंसं वाटलं. तिनं प्रती घेतल्या, पर्समध्ये घडी न घालता कोंबल्या आणि गर्दीतून वाट काढत निघाली.

चालताना ती रागाला धरून चालली, आंधळा काठीला धरतो तशी. कुलसचिवांचा राग, त्यांच्या चंदनी टिळ्याचा राग, चेंबरमधल्या त्या गार हवेचा राग. जिथं माणसं बसतात तिथं अठरा डिग्री आणि जिथं मशीन बसतात तिथला ए.सी. बंद! चौदा वर्षं विद्यापीठाचं काहीही बंद पडलं की खुलासा लिहायचं काम तिचं. निकालाचं पान उघडत नाही, वाचनालयाचं नेट गेलं, फीचं पोर्टल अडकलं, की फोन यायचा, मैडम, एक नोटिस बना दीजिए. वाचनालयाच्या गच्चीवर माकडांनी अँटेना उपटून नेला तेव्हा तिनं लिहिलं, ‘अपरिहार्य तकनीकी कारणों से’. मुलींच्या वसतिगृहाच्या नाल्यासाठी खोदताना ठेकेदाराच्या माणसानं केबल तोडली, तेव्हाही तेच. एकदा कुणा वरिष्ठाच्या भाच्यानं मशीनवर कोल्ड्रिंक सांडलं, तेव्हाही तेच. ती शब्दांची घोंगडी तिनं इतक्या वेळा पांघरली आणि पांघरवली होती की आता तिच्या हाताला ती आपोआप सापडायची. तिची आई असती तर हसली असती. आई पोळ्या लाटता लाटता कशाचीही ओवी करायची, गॅस संपला तरी ओवी, शेजारीण भांडली तरी ओवी. त्यातली एक अनुसूयेला आता, खंडेराव गेटच्या चढावर धाप लागलेली असताना, कुणी न बोलावता आठवली:

दारीची तुळस वाळली, कोणी घातलं ऊन पाणी,
ज्याचा हात त्याला ठावं, बाई, दुसरं न जाणे कोणी.

खंडेनवमीची पूजा तिनंच सुरू केली होती, हे तिला कुणापुढंही नाकारता आलं नसतं. सर्व्हर रूम नवीन झाली त्या वर्षी तिनं उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले, एवढंच. घरी बाबा त्यांची टेलिफोन खात्यातली जुनी पक्कड आणि लाइन तपासायचा काळा फोन पाटावर मांडत, तसंच हे. ऑफिसातल्या हिंदी माणसांना नवल वाटलं. आमच्याकडं अवजारांची पूजा दसऱ्याला असते, तुमच्याकडं नवमीला? मग तिनं जरा मिरवतच सांगितलं, की आम्ही इथले मराठी लोक, आमच्यात खंडेनवमी, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यांना फार आवडला, सुट्टीला अर्थ आला. दरवर्षी पूजा झाली की खोलीला कुलूप आणि किल्ली अनुसूयेच्या घरी देवापुढं. फूल वाढत वाढत हार झाला, हाराची तोरणं झाली, नारळ आला, भटजी आले. आणि यंदा नवे कुलसचिव आले, ते म्हणाले हवन करू, आत, फोटोग्राफर येणार आहे. तिनं सांगितलं, आत धूर ओळखणारं यंत्र आहे, घंटा वाजेल. ते म्हणाले, तर बंद करवा. जयसिंगनं पॅनेल बंद केलं. जयसिंग म्हणजे ठेक्यावरचा इलेक्ट्रिशियन, पन्नाशी उलटलेला, बाबांच्या हाताखाली कधीकाळी खांबांवर चढलेला. त्याच पॅनेलवर खोली तापली तर मेसेज पाठवायची सोयही होती, तीही गेली. मग हवनकुंडातली ज्योत टिकेना, कारण ए.सी.चा झोत नेमका तिच्यावर. भटजी तीनदा कापूर लावून थकले. कुलसचिव हसून म्हणाले, अग्निदेवता को ठंड लग रही है, आणि ए.सी. बंद झाला. सगळे हसले. अनुसूया नाही हसली, कारण फोटोच्या वेळी कुणीतरी तिचा दंड धरून तिला बाजूला केलं होतं, मैडम ज़रा, साहब का चेहरा. तिची पूजा, तिचा उंबरा, आणि ती तोरणाच्या मागं, अर्धी कापलेली.

पुढचं अख्ख्या विद्यापीठाला ठाऊक होतं, फक्त सूचनेच्या कागदावर नव्हतं. प्रसाद वाटला, आज मशीनला हात लावायचा नाही म्हणून कुलूप लागलं, आणि बंद खोलीत बंद ए.सी.खाली मशीन चालत राहिली, तापत राहिली, एकेक करून बसली. दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं वाटून झाल्यावर, तिनं कुलूप काढलं तेव्हा आतून भट्टीचं दार उघडल्यासारखा वाफारा आला. झेंडूच्या माळा वाळून काळ्या पडल्या होत्या. जळालेल्या डिस्का बदलून जुन्या साठवणीतून सगळं पुन्हा उभं करायला रविवार उजाडला. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवारची. तीनशे बारा मुलं राहिली. सोमवारी कुलसचिवांनी तिच्यापुढं तयार सूचना सरकवली: परीक्षार्थींनी अंतिम तिथीला एकाच वेळी लॉगिन केल्यामुळं सर्व्हरवर अत्यधिक भार, सबब तारीख वाढवली जाणार नाही. ती म्हणाली, सर, हे खरं नाही. आणि चूक विद्यापीठाची असेल तर नियमाप्रमाणं तारीख पुन्हा उघडावी लागते. ते म्हणाले, म्हणून तर. मग खुर्चीत मागं रेलून, न चिडता, जवळजवळ मायेनं बोलले, “मैडम, आप चौदह साल से यही तो लिख रही हैं। आज क्या नया है?” आणि तिनं सही केली. हेच आठवून आता खंडेराव गेटाखाली तिच्या मुठी वळल्या. पण राग हा लबाड सोबती असतो, तो माणसाला अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. चेंबरपर्यंत त्यानं तिला नेलं आणि तिथून पुढं, नवमीच्या संध्याकाळपाशी, तो हात सोडून उभा राहिला.

त्या संध्याकाळी साडेपाचला ती पुरण वाटत होती. बाबा देवापुढं बसून पक्कड पुसत होते. फोन वाजला, जयसिंगचा. प्रसादाचं ताट राहिलं होतं म्हणून तो परत गेला होता. म्हणाला, “मैडम जी, किवार तातो लग रओ। भीतर कछू चीं-चीं बोल रओ।” दार तापलंय, आत काहीतरी चीं-चीं करतंय. त्यानं दाराला तळहात लावून पाहिला होता, ताप पाहायला पोराच्या कपाळाला लावतात तसा. आणि अनुसूयेला एका श्वासात सगळं कळलं. ए.सी. बंद राहिला. मेसेज येणार नाही. किल्ली तिच्यासमोर, हळदकुंकवाखाली, हात लांब केला की हाती लागेल इतकी जवळ. रिक्षानं वीस मिनिटं. त्या एका श्वासात दुसरंही काहीतरी होतं. तो दंडाला धरलेला हात होता, ते तोरण होतं. किल्ली माझ्याकडं आहे. तुमचं हवन, तुमचे फोटो, घ्या. तापू दे. फार तर मशीन आपोआप बंद पडतील, सुट्टीच तर आहे, उद्या बघू, धावत येतील मैडम मैडम करत. तिनं फोनमध्ये म्हटलं, “आज नहीं, जयसिंग भैया। पूजा हो गई है। चाबी भगवान के आगे रखी है।” तो म्हणाला, हओ, जैसी आप कहो. आणि तिनं फोन बंद करून तोही पाटावर ठेवला, किल्लीशेजारी, वर अक्षता टाकल्या. फोन हेसुद्धा तिचं हत्यारच. त्या श्वासात मुलं कुठंच नव्हती. ती छतावरची मुलगी नव्हती. बाबांनी पक्कड पुसायची थांबवली होती आणि ते तिच्याकडं बघत होते.

नावाला नेमलेल्या चौकशी समितीला दिलेल्या खुलाशात जयसिंगनं तीन ओळी लिहिल्या: ए.सी. मी बंद केला, पुन्हा चालू करायला विसरलो, चूक माझी. पहिल्या तारखेपासून येऊ नकोस, असं त्याला ठेकेदारानं सांगितलं. फोनबद्दल एक अक्षर नाही. ती त्याला सायकल स्टँडपाशी गाठून विचारायला गेली होती, का नाही लिहिलंस. त्यानं चाकात अडकलेली काडी काढत उत्तर दिलं, वर न बघता: “ऊ में का लिखते। आपने तो धरम की बात कही ती।” कुणी शिवी दिली असती तर तिनं सोसली असती. हे तिला सोसवेना. तिच्या सुडाला तो धर्म समजला होता, आणि त्या समजुतीवर आपलं पोट ओवाळून टाकून सायकल ढकलत निघून गेला होता. आठवडाभर तिला सगळ्यांत जास्त राग आला असेल तर तो जयसिंगचा. भांडत का नाही हा माणूस! ओरडत का नाही! आणि आत्ता, जिना चढताना, कठड्याच्या गार लोखंडावर हात टेकल्यावर तिला उमगलं की मानिक चौकातल्या मुलीच्या खांद्याला धरून तिला हेच विचारायचं होतं. ते ओरडले असते तर तिला गप्प राहता आलं असतं.

बाबा गॅलरीत उन्हाला बसले होते, ब्याऐंशीचे, डोक्याला कानटोपी, पायाशी वर्तमानपत्र. वरच्या मजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा, खाली शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान, दिवसभर कुणाचं तरी चाक फिरतं. तिनं प्रती त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि उभ्या उभ्या सांगायला लागली, चौकातला शब्द, ती मुलगी, सही, जयसिंगची काडी. फोनचं सांगायची गरज नव्हती, ते तिथंच बसले होते. सांगता सांगता तिचा आवाज चढला. तुम्ही का नाही म्हणालात त्या दिवशी, जा म्हणून? तुम्ही लाइनीत आयुष्य काढलंत, तुम्हाला कळलं होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मी कुठल्या तोंडानं म्हणू गं? तू मला विचारू नकोस. मी लक्ष्मी गेटला रस्ता ओलांडतो.” ती थांबली. लहानपणी बाबांचं बोट धरून बाजारात जाताना लक्ष्मी गेटापाशी एका हिरव्या दाराच्या अलीकडं ते बोट ताठ व्हायचं आणि बाबा तिला ओढत पलीकडं न्यायचे, मधून टांगे जात असले तरी. तिला वाटायचं तिथं कुत्रं असेल. पुढं मोठी झाल्यावर ती एकटी असतानाही तिथं रस्ता ओलांडायची, पायांना सवय लागली म्हणून, का ते न विचारता.

बाबा आज पहिल्यांदाच सांगत होते: त्या हिरव्या दाराआड यज्ञेश्वरशास्त्री राहायचे. बाबांनी एकदा तपासणीसाठी त्यांची लाइन सोडवली आणि जोडायला विसरले. चार दिवस फोन मुका. त्या चार दिवसांत ग्वाल्हेरच्या इस्पितळातून शास्त्रीबोवांच्या मुलीचे निरोप येत राहिले आणि कुठंच पोचले नाहीत. मुलगी गेल्यावर तार आली. बाबांनी लाइन जोडली आणि सांगितलं, खोदाईत केबल तुटली होती. शास्त्रीबोवांनी खोदणाऱ्यांना शिव्याशाप दिले आणि तेराव्यानंतर, फोन चालू करून दिला म्हणून, बाबांच्या ऑफिसात पेढे आणून दिले. शेवटी बाबा एवढंच म्हणाले, “एक खाल्ला मी. त्यांच्यासमोर.” खाली शिवणयंत्राचं चाक थांबलं, पुन्हा फिरलं. बाबांनी प्रती सारख्या करून घडी घातली, हयातीचा दाखला आजच द्यायचाय, म्हणाले, जाऊ या का.

ती म्हणाली, अर्धा तास थांबा. तिनं लॅपटॉप उघडला. राग अजून होता, पण आता तो धावत नव्हता, दगडावर टेकवलेल्या छिन्नीसारखा एका जागी होता. तिनं हिंदीत लिहिलं, साध्या, चौकातल्या हिंदीत. नवमीला सर्व्हर रूममध्ये हवन झालं. धुराची घंटा वाजू नये म्हणून पॅनेल आणि ज्योत टिकत नव्हती म्हणून ए.सी., दोन्ही कुलसचिवांच्या सांगण्यावरून बंद केलं. पुन्हा चालू केलं नाही. साडेपाच वाजता जयसिंग यांनी फोन करून मला सांगितलं की दार तापलं आहे. मला कळलं होतं. किल्ली माझ्याकडं होती. मी गेले नाही. इथं तिचे हात थांबले. ‘पूजेच्या नियमामुळे’ असं तिनं लिहिलं, वाचलं, आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, मी रागात होते म्हणून गेले नाही. विद्यार्थ्यांची यात काही चूक नाही. चूक विद्यापीठाची असल्यानं नियमाप्रमाणं अर्जाची तारीख पुन्हा उघडली पाहिजे. जयसिंग यांना काढू नये. खाली नाव. सगळ्या विद्यार्थ्यांच्या पत्त्यांवर, कुलपतींच्या कार्यालयाला, चौकशी समितीला. चौदा वर्षांत या यादीवर तिनं कितीतरी घोंगड्या पाठवल्या होत्या. बोट तेच, कळ तीच. तिनं ती दाबली. काहीच झालं नाही, कोपऱ्यात एक छोटी पट्टी सरकत गेली आणि संपली. तिनं एक प्रत जयदीपलाही पाठवली, खाली लिहिलं, जुनी फाडू नका, ही तिच्या शेजारी लावा. दोन मिनिटांनी जयदीपचं उत्तर आलं: दीदी, ये आप हैं?

दाखला द्यायला निघताना बाबांनी तिचा हात धरला होता, आता त्यांच्या बोटांना आधार लागतो. लक्ष्मी गेटापाशी रांगोळीच्या रंगांच्या राशी मांडल्या होत्या, ई-रिक्षांची चेंगराचेंगरी. हिरवं दार आता हिरवं नव्हतं, कुणीतरी तपकिरी तेलरंग दिला होता, शास्त्रीबोवांच्या घरचं तिथं कुणी उरलं नव्हतं, कडीला कुलूप होतं. अलीकडं दहा पावलांवर बाबांचं बोट ताठ झालं आणि त्यांचा खांदा सवयीनं रस्त्याकडं वळला. अनुसूया वळली नाही. दोघांचे हात ताणले गेले. तिनं ओढलं नाही, फक्त जागची हलली नाही. पर्समध्ये फोन वाजायला लागला. बाबा रस्त्याकडं बघत राहिले, एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मग ते हळूहळू परत वळले, तिचा हात सोडून दारापाशी गेले आणि पायरीवर न चढता, खालूनच, उजवा तळहात दाराला लावून उभे राहिले. फोन थांबला, पुन्हा वाजला. पडद्यावर कुलसचिवांचं नाव होतं. तिनं तो कानाला लावला. पलीकडचा आवाज या वेळी मायेचा नव्हता. त्याचं सगळं ऐकून घेईपर्यंत ती बाबांच्या पाठीकडं बघत होती.

“जी,” ती म्हणाली. “मैंने ही लिखा है। हाँ, फ़ोन वाली बात भी।”

बाबांचा हात अजून दारावरच होता.